लज्जेआडचा विकार

सरकारी नोकरीच्या निमित्ताने चेन्नईस येऊन मला काही वर्षे झाली. नव्या प्रांतात गेलेला मनुष्य तेथील लिपी प्रथम शिकतो ती बहुधा भिंतींवरून. बसवरील पाट्या, दुकानांची नावे, निवडणुकीच्या घोषणा अशी अक्षरे जुळवीत असता एका प्रकारच्या जाहिराती पुन्हा पुन्हा डोळ्यांसमोर येतात हे माझ्या ध्यानी आले. अमुक वैद्य महिन्याच्या अमुक तारखेस अमुक गावी अमुक लॉजवर भेटतील, पुरुषांच्या दुर्बलतेवर खात्रीचा इलाज, पत्रव्यवहार गुप्त. खाली गावांची व तारखांची यादी, एखाद्या मंत्र्याच्या दौऱ्याच्या कार्यक्रमासारखी. लिपी परकी होती, पण मजकूर चांगला ओळखीचा होता. मुंबईच्या लोहमार्गालगतच्या भिंतींवर, एस. टी. स्थानकांच्या आवारात आणि आठवडे बाजारातील जडीबुटीच्या तंबूंवर मी तो लहानपणापासून वाचीत आलो आहे.

ज्या विकाराची जाहिरात देशाच्या प्रत्येक भिंतीवर आहे, त्याविषयी कोणत्याही घरात चकार शब्द बोलला जात नाही, ही मोठी विलक्षण गोष्ट आहे. या मौनाची किंमत किती पडते हे मी जवळून पाहिले, आणि म्हणूनच आज या विषयावर बोलण्याचे धाडस करीत आहे. मी वैद्य नाही. जाणकारांनी लिहिलेले वाचून व त्यांना विचारून जे समजले, ते सामान्य श्रोत्याला समजेल अशा शब्दांत सांगावे, एवढाच माझा अधिकार.

कार्यालयातील माझे एक स्नेही आहेत. त्यांची अनुमती घेऊन, परंतु ओळख पटू नये इतकी काळजी घेऊन सांगतो. मूळचे दक्षिण महाराष्ट्रातले, वयाने माझ्याहून थोडे वडील. पंचेचाळिशी उलटली आणि त्यांना जाणवू लागले की पूर्वीसारखी ताठरता येत नाही. आली तरी टिकत नाही. त्यांनी हे कोणास सांगितले नाही. पत्नीस तर नाहीच. रात्री उशिरापर्यंत फायली चाळीत बसण्याची त्यांनी सवय लावून घेतली. पुढे एका लॉजची पायरी चढले, आणि वर्ष-दीड वर्ष पुड्या व लेह्ये घेत राहिले. त्यावर झालेला खर्चही घरी लपवावा लागला. एके दिवशी संध्याकाळी समुद्रकाठी फिरताना त्यांच्या छातीत कळ आली. रुग्णालयात तपासणी झाली, तेव्हा रक्तातील साखर कितीतरी वाढलेली आणि हृदयाच्या दोन धमन्या अरुंद झालेल्या आढळल्या. धोका टळल्यावर तेथील डॉक्टरांनी त्यांना शांतपणे एक प्रश्न विचारला : "ताठरतेची तक्रार केव्हापासून आहे?" माझे स्नेही चकित झाले. त्यांनी तर ती गोष्ट कोणासच सांगितली नव्हती.

डॉक्टरांना हा प्रश्न का सुचला, हे समजून घेणे हाच आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम नावाचा विचार करू. आपल्याकडे या विकाराला 'नपुंसकत्व' म्हणतात. तो शब्द निदान करण्यापूर्वीच मनुष्याचा निकाल लावून टाकतो. इंग्रजीतही असाच एक हिणवणारा शब्द रूढ होता. १९९२ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने बोलावलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने तो टाकून द्यावा असे सुचविले आणि त्याजागी, समाधानकारक संबंधासाठी पुरेशी ताठरता न येणे वा न टिकणे, असे विकाराचे साधे वर्णन स्वीकारले. एखाद्या वेळी असे होणे हा विकार नव्हे. थकवा, चिंता, जागरण यांमुळे ते कोणाच्याही बाबतीत घडते. ते काही महिने टिकून राहिले तरच त्याला विकार म्हणावयाचे. शीघ्रपतन किंवा इच्छाच कमी होणे या निराळ्या तक्रारी होत; त्यांची कारणे व उपचारही निराळे. मूल न होणे ही तर सर्वस्वी वेगळी बाब आहे. परंतु लोकांच्या मनात या साऱ्यांची एकच मोट बांधलेली असते.

आपल्या पूर्वजांनी ही मोट बांधली नव्हती. आयुर्वेदाच्या आठ अंगांपैकी वाजीकरण हे एक स्वतंत्र अंग आहे. चरकसंहितेत क्लैब्याची चार कारणे सांगितली आहेत : बीजाचा दोष, इंद्रियाचा विकार, वार्धक्य आणि शुक्राचा क्षय. सुश्रुतसंहितेत मनाच्या अप्रसन्नतेमुळे येणाऱ्या क्लैब्याची गणना वेगळी केली आहे. त्यांचे सर्व उपाय आज ग्राह्य ठरतील असे नाही, परंतु विकाराची कारणे अनेक असतात, ती शरीरात असतात तशी मनातही असतात, आणि त्यांविषयी ग्रंथात उघडपणे लिहावयाचे असते, एवढे त्यांना निश्चित ठाऊक होते. लाज नंतर आली.

महाराष्ट्रात ही लाज दूर सारण्याचा प्रयत्न रघुनाथ धोंडो कर्वे यांनी एकाकीपणे केला. १९२७ च्या जुलैत त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत चालविले. वाचकांच्या खाजगी प्रश्नांना ते त्यात रोखठोक उत्तरे देत. अशाच उत्तरांबद्दल १९३४ साली त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि त्यांचे वकीलपत्र डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी घेतले. खटला हरला, कर्व्यांना दंड झाला. पण लोक विकृतीपोटी नव्हे तर अज्ञानापोटी विचारतात, आणि अज्ञानाला उत्तर देणे हा गुन्हा नव्हे, ही बाजू एकदा न्यायालयात मांडली गेली ती गेलीच.

आता शरीराकडे वळू. ताठरता ही मूलतः रक्ताभिसरणाची क्रिया आहे. इंद्रियाच्या आत स्पंजासारख्या ऊतीच्या दोन नळ्या असतात. एरवी त्यांतील बारीक स्नायू आकसलेले असतात आणि रक्त बेताचेच आत येते. मनात इच्छा निर्माण झाली किंवा स्पर्श झाला म्हणजे मज्जारज्जूकडून मज्जातंतूंवाटे संदेश येतो, स्नायू सैल पडतात, धमन्या रुंदावतात आणि रक्त वेगाने आत शिरते. स्पंज फुगला की परत जाणाऱ्या शिरा बाहेरच्या चिवट आवरणाखाली चेपल्या जातात आणि आलेले रक्त कोंडून राहते. मळ्यात दारे धरणारा गडी पाटाचे पाणी वाफ्यात सोडतो आणि वाफा भरला की दार बुजवितो, तसाच हा प्रकार. पाटाला पाणीच कमी असेल तर वाफा भरत नाही. बांध फुटका असेल तर भरलेले टिकत नाही. आणि गड्याचेच चित्त ठिकाणावर नसेल तर पाणी असूनही उपयोग नाही. या विकाराची बहुतेक कारणे या तीन वाक्यांत येऊन जातात.

मज्जातंतूंचा हा संबंध जर्मन शरीरशास्त्रज्ञ एकहार्ट याने १८६३ साली कुत्र्यांवरील प्रयोगांत दाखवून दिला होता. पण तंतूंच्या टोकाशी नेमके काय घडते, तेथून कोणता निरोप स्नायूंना पोहोचतो, हे त्यानंतर सव्वाशे वर्षे कोणास सांगता आले नाही.

या मधल्या काळात मनाकडेच सारा दोष जात राहिला. अमेरिकेतील मास्टर्स व जॉन्सन या संशोधकांचा ग्रंथ १९७० साली प्रसिद्ध झाला, आणि बहुतेक रुग्णांचा विकार मानसिकच असतो, असे त्यानंतर सर्रास मानले जाऊ लागले. त्यांच्या कार्याचे मोल कमी नाही. एका अपयशाने भीती बसते, भीतीमुळे पुढचे अपयश येते, आणि पतिपत्नी एकमेकांपासून दूर जातात, हे दुष्टचक्र त्यांनी नेमके ओळखले. रोग एकट्याचा नसून जोडप्याचा आहे असे मानून दोघांवर एकत्र उपचार करण्याची पद्धत त्यांनी घालून दिली. ती आजही उपयोगी पडते. भीतीचा हा परिणाम केवळ काल्पनिकही नव्हे. भ्यालेल्या मनुष्याच्या शरीरात ॲड्रेनॅलिनसारखी द्रव्ये वाढतात आणि ती रक्तवाहिन्या आकसवितात. परंतु दहांतील नऊ रुग्णांना "तुमच्या मनातच काहीतरी आहे" असे सांगून परत पाठविणे हेही एका परीने मौनच होते.

ते मौन दोन प्रयोगांनी मोडले. पॅरिसचे शल्यचिकित्सक रोनाल्ड विराग यांनी १९८२ साली असे प्रसिद्ध केले की, पॅपॅव्हेरिन हे रक्तवाहिन्या सैल करणारे औषध इंद्रियात टोचले असता, मनाची काहीही अवस्था असली तरी, ताठरता येते. पुढच्याच वर्षी लंडनचे शरीरशास्त्रज्ञ जाइल्स ब्रिंडली यांनी लास व्हेगास येथील मूत्रविकारतज्ज्ञांच्या सभेत तशाच प्रकारच्या दुसऱ्या औषधाचा प्रयोग स्वतःच्याच शरीरावर करून सभासदांना प्रत्यक्ष पुरावा दाखविला. त्या सभेची हकिगत वैद्यकाच्या इतिहासात काहीशा विनोदाने सांगितली जाते. परंतु वयाच्या त्या टप्प्यावर, त्या प्रतिष्ठेच्या मनुष्याने, लाज बाजूस ठेवली नसती तर किती वर्षे वाया गेली असती याचा विचार केला म्हणजे हसू ओसरते.

निरोप्याचा शोध मात्र अगदी वेगळ्या वाटेने लागला. अमेरिकेतील फर्चगॉट यांनी १९८० साली दाखविले की, रक्तवाहिनीच्या आतील नाजूक अस्तर एक द्रव्य सोडते आणि त्यामुळे वाहिनी सैल पडते. तत्पूर्वी मुराद यांनी, हृद्‌रोग्यांना दिले जाणारे नायट्रोग्लिसरिन शरीरात नायट्रिक ऑक्साइड हा वायू सोडते, हे शोधले होते. १९८६ च्या सुमारास फर्चगॉट आणि इग्नारो या दोघांनी स्वतंत्रपणे निष्कर्ष काढला की अस्तरातून सुटणारे ते द्रव्य म्हणजे हा वायूच होय. १९९२ साली इग्नारो व त्यांचे सहकारी यांनी पुरुषाच्या इंद्रियातील स्नायूही याच वायूच्या निरोपाने सैल पडतात, हे सिद्ध केले. या तिघांना १९९८ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत सिल्डेनाफिल या गोळीला मान्यता मिळाली. इंग्लंडमधील सँडविच या गावी फायझर कंपनीच्या प्रयोगशाळेत ती तयार झाली होती ती हृदयशूलासाठी. हृदयाला तिचा विशेष उपयोग होईना. परंतु चाचणीत भाग घेतलेल्या पुरुषांनी एक निराळाच परिणाम सांगितला. त्यामागचे तत्त्व सोपे आहे. नायट्रिक ऑक्साइडच्या निरोपाने पेशींत सायक्लिक जीएमपी नावाचे द्रव्य तयार होते आणि स्नायू सैल पडतो. हे द्रव्य पुसून टाकणारे एक विकर शरीरात असते. ही गोळी त्या विकराला काही तास अडवून धरते, म्हणजे आलेला निरोप लौकर पुसला जात नाही. मुळात निरोप आलाच नाही तर गोळी काही करू शकत नाही. ती इच्छा उत्पन्न करीत नाही, प्रेम उत्पन्न करीत नाही आणि, भिंतींवरील जाहिराती काहीही म्हणोत, तारुण्यही परत आणीत नाही. २००३ साली टाडालाफिल व व्हार्डेनाफिल या तिच्या बहिणी अमेरिकेच्या बाजारात आल्या. पैकी टाडालाफिलचा परिणाम दीड दिवसापर्यंत टिकतो.

या गोळ्यांविषयी एक सूचना इतकी महत्त्वाची आहे की ती मी स्वतंत्रपणे सांगतो. हृदयशूलासाठी जिभेखाली ठेवावयाच्या नायट्रेटच्या गोळ्या जे घेतात त्यांनी ही औषधे कदापि घेऊ नयेत. दोन्हींचा परिणाम एकाच वाटेने होतो, आणि एकत्र आली असता रक्तदाब एकाएकी कोसळून मृत्यू येऊ शकतो. आपल्या देशात ही गोळी डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून विकण्यास कायद्याने बंदी आहे, ती याच कारणासाठी. दुकानदाराच्या कानात नाव कुजबुजून गोळी मिळविणारा मनुष्य चिठ्ठी टाळीत नसतो, तपासणी टाळीत असतो.

आणि आता त्या डॉक्टरांच्या प्रश्नाकडे येऊ. रक्तवाहिनीचे जे अस्तर नायट्रिक ऑक्साइड तयार करते, ते शरीरभर एकच आहे. मधुमेह, उच्च रक्तदाब, तंबाखू आणि रक्तातील वाढलेली चरबी ही त्या अस्तराची वैरी होत. अस्तर बिघडले की धमन्या ताठर व अरुंद होऊ लागतात. इंद्रियाची धमनी जेमतेम एक ते दोन मिलिमीटर रुंदीची असते, हृदयाची तीन ते चार. नळात गाळ साचू लागला की बारीक तोटीचे पाणी अगोदर मंदावते. म्हणून ज्या रोगाने पुढे हृदय पकडले जाणार, त्याची पहिली वर्दी पुष्कळदा येथे मिळते. इटलीतील माँतोर्सी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००३ साली हृद्‌धमनीच्या विकाराच्या ३०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतील जवळजवळ निम्म्यांना ताठरतेचा विकार होता. आणि त्या निम्म्यांपैकी ६७ टक्के लोकांना तो हृदयाची लक्षणे दिसण्यापूर्वीच जडला होता, सरासरीने ३९ महिने अगोदर. माझ्या स्नेह्यांना शरीराने पुरती आगाऊ सूचना दिली होती. ती त्यांनी लॉजवर नेऊन दिली.

मधुमेहाच्या बाबतीत हे आणखी खरे आहे, कारण तो धमन्यांबरोबर मज्जातंतूंनाही दुखावतो. आणि मधुमेहाविषयी बोलावयाचे तर चेन्नईइतकी योग्य जागा दुसरी नाही. तंजावरचे मराठे राजे दुसरे सरफोजी यांनी एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी तेथे धन्वंतरी महाल चालविला, अनुभवी वैद्यांकडून उपचारांची पारख करून घेतली आणि ते तमिळ पद्यांत संग्रहित करविले. मराठी राजाने तमिळ प्रजेसाठी करविलेले हे काम सरस्वती महाल ग्रंथालयाने पुढे छापून प्रसिद्ध केले. त्यांत मधुमेहाचाही विचार आहे. त्याच परंपरेच्या प्रदेशात, मद्रासच्या रोयापुरम भागात, डॉ. एम. विश्वनाथन यांनी १९५४ साली रुग्णालय उघडले, आणि ते पुढे केवळ मधुमेहासाठी चालविले जाऊ लागले. मद्रासमधील मधुमेह संशोधन प्रतिष्ठान व भारतीय वैद्यक संशोधन परिषद यांच्या पाहणीनुसार (ती २०२३ साली प्रसिद्ध झाली) देशातील मधुमेह्यांची संख्या १० कोटींच्या वर आहे. त्यांतील पुरुषांपैकी किती जणांनी ही तक्रार मनातच ठेवली असेल, याची नुसती कल्पना करावी.

याच शहराने आशेचीही एक गोष्ट दिली आहे. डॉ. ए. रामचंद्रन व सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ लोकांचा अभ्यास केला आणि तो २००६ साली प्रसिद्ध केला. ज्यांना नेहमीचा साधा सल्ला दिला होता, त्यांच्यापैकी ५५ टक्के लोकांना तीन वर्षांत मधुमेह झाला. ज्यांच्याकडून आहाराचे पथ्य व नियमित चालणे करवून घेतले, त्यांच्यात हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. इटलीत नेपल्स येथे २००४ साली असाच एक अभ्यास ताठरतेचा विकार असलेल्या ११० स्थूल पुरुषांवर झाला. दोन वर्षे पथ्य व व्यायाम कसोशीने पाळणाऱ्या ५५ जणांपैकी १७ जण एकही गोळी न घेता पूर्ववत झाले. केवळ सर्वसाधारण माहिती दिलेल्या तितक्याच लोकांपैकी तिघेच. जे पथ्य हृदयासाठी तेच येथे, हे यावरून दिसून येते.

तेव्हा उपचाराचा क्रम असा लागतो. प्रथम तपासणी : साखर, रक्तदाब, रक्तातील चरबी, आणि जरूर वाटल्यास टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाचे प्रमाण. ते कमी भरले तरच त्याचा उपचार, सरसकट नव्हे. डॉक्टर आणखी एक साधा प्रश्न विचारतात : पहाटे जाग येते तेव्हा ताठरता असते काय? निरोगी पुरुषाला झोपेत रात्रीतून तीन ते पाच वेळा ती आपोआप येत असते. ती शाबूत असेल तर दोष बहुधा मनाच्या वाटेचा, नसेल तर रक्तवाहिन्यांचा किंवा मज्जातंतूंचा, असा कयास बांधता येतो. रक्तदाबाची व नैराश्याची काही औषधेही या तक्रारीस कारण होतात. पण ती आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांकडून बदलून घ्यावीत.

त्यानंतर तंबाखू सोडणे, मद्य आवरणे, चालणे व वजन उतरविणे. मग गोळी. तिचाही गुण सर्वांना सारखा येत नाही. मधुमेही पुरुषांवरील १९९९ च्या एका चाचणीत सिल्डेनाफिल घेणाऱ्या ५६ टक्के लोकांना, तर नुसती साखरेसारखी निष्क्रिय गोळी घेणाऱ्या १० टक्के लोकांना गुण आला. ज्यांना गोळीने गुण येत नाही त्यांच्यासाठी हवेच्या पोकळीने रक्त ओढून घेणारे उपकरण आहे, विरागांच्या वाटेने आलेली इंजेक्शने आहेत, आणि शेवटी शस्त्रक्रिया आहे. फुगविता येणारे रोपण अमेरिकेत स्कॉट यांनी १९७३ साली प्रथम प्रसिद्ध केले. ते महागडे असल्यामुळे मुंबईचे डॉ. रूपिन शहा यांनी आपल्याकडील रुग्णांना परवडेल असे साधे रोपण तयार केले, ही आपल्याला अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे. ध्वनिलहरींचे मंद धक्के, रुग्णाच्याच रक्तातील पेशी, मूलपेशी यांचे प्रयोग चालू आहेत. पण त्यांचा गुण अजून निर्विवाद सिद्ध झालेला नाही, आणि जो आजच त्यांची हमी देऊन पैसे मागतो त्याच्यापासून दूर राहावे. जेथे मुख्य कारण भीती वा दुरावा आहे, तेथे समुपदेशन हाच पहिला उपचार. आणि कारण शारीरिक असले तरी पत्नीला बरोबर घेऊन केलेला उपचार अधिक सुलभ जातो.

उरला प्रश्न त्या भिंतींचा. रोयापुरमचे रुग्णालय ज्या वर्षी उघडले त्याच १९५४ साली संसदेने औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियम संमत केला. त्याच्या परिशिष्टातील ५४ विकारांत पुरुषाच्या दुर्बलतेचे नाव आहे, तसेच मधुमेहाचेही. या विकारांवर इलाजाची जाहिरात करणाऱ्यास पहिल्या अपराधास सहा महिन्यांपर्यंत कारावास होऊ शकतो. १९५९ साली सर्वोच्च न्यायालयाने अधिनियमातील काही भाग रद्द केला, पण मुख्य बंदी टिकून राहिली. सरकारी नोकर या नात्याने मला एक गोष्ट कबूल केली पाहिजे. कायदा पुस्तकात आहे आणि जाहिरात भिंतीवर आहे. कायद्याला तक्रारदार लागतो, आणि या धंद्यात फसलेला मनुष्य तक्रार करण्यास कधी पुढे येत नाही. गिऱ्हाइकाची लाज हेच या धंद्याचे भांडवल आहे. अनेक देशांच्या औषध-नियंत्रकांना 'केवळ वनस्पतिजन्य' म्हणून विकल्या जाणाऱ्या पुड्यांत गुपचूप मिसळलेले सिल्डेनाफिल आढळले आहे. नायट्रेट घेणाऱ्या हृद्‌रोग्याच्या हाती अशी पुडी पडली तर काय होईल हे मघाशी सांगितलेच.

या धंद्याचे दुसरे भांडवल म्हणजे धातूविषयीची भीती. वीर्याचा एक थेंब रक्ताच्या कित्येक थेंबांपासून होतो आणि तो गेला की जीवनशक्ती जाते, ही समजूत आपल्याकडे खोल रुजलेली आहे. या भीतीने खंगणाऱ्या तरुणांचे वर्णन करून डॉ. एन. एन. विग यांनी १९६० साली त्या अवस्थेला 'धात' हेच नाव वैद्यकशास्त्रात दिले. त्या तरुणांच्या शरीरात बहुधा काहीच बिघाड नसतो; बिघाड असतो तो त्यांना मिळालेल्या माहितीत. कर्व्यांनी आयुष्यभर जिच्याशी झुंज घेतली तीच ही समजूत. पुढे डॉ. विठ्ठल प्रभू यांच्या 'निरामय कामजीवन' या पुस्तकाने मराठी घरांत हा विषय सभ्य शब्दांत नेला, आणि तो तसा बोलता येतो हे दाखवून दिले.

माझे स्नेही आता बरे आहेत. सकाळी समुद्रकाठी पत्नीसह चालावयास जातात, साखर आटोक्यात आहे, आणि राहिलेल्या तक्रारीवर हृद्‌रोगतज्ज्ञांच्या सल्ल्याने उपचार चालू आहेत. मध्यंतरी एकदा ते मला म्हणाले, "अहो, पाय सुजला असता तर दुसऱ्या दिवशी डॉक्टरकडे गेलो असतो. हेही शरीरच आहे, हे कळायला मला दीड वर्ष लागले." त्यांच्या पत्नी शेजारीच होत्या. त्या म्हणाल्या, "मला वाटत होतं, माझंच काही चुकलं असेल." दीड वर्ष दोघांनी एकाच घरात दोन वेगवेगळी दुःखे गिळली होती.

हे ऐकणाऱ्यांपैकी कोणास अशी तक्रार असेल, तर त्यांनी एवढेच करावे. ती पत्नीस सांगावी, आणि पुढच्या वेळी रक्तदाब तपासून घेण्यास जातील तेव्हा डॉक्टरांसही सांगावी. वाक्य एकच बोलावयाचे आहे. ते बोलल्याने संसार वाचेल, आणि कदाचित हृदयही.